प्रोग्राम चालतो, उत्तर मात्र चुकतं

प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या पोरांना लाल अक्षरांची फार धास्ती असते. रन केलं, स्क्रीनवर लाल ओळींचा ढीग आला की लगेच हात वर: "सर, चालंना झालंय." लातूरच्या क्लासमध्ये जा नाहीतर नांदेडच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये, हेच ऐकू येतं. मला विचाराल तर ती लाल अक्षरं दाखवणारी चूक गरीब स्वभावाची असते. ती स्वतःच ओरडून सांगते की मी या ओळीत आहे, या कारणाने आहे. खरा त्रास देते ती न बोलणारी चूक. प्रोग्राम सुरळीत चालतो, शेवटी एक आकडा देतो, आकडा नीटनेटका दिसतो, कुणालाच संशय येत नाही, आणि तो आकडा चुकीचा असतो.

ओरडणाऱ्या चुका लवकर उरकून घेऊ, म्हणजे मुक्या चुकांना वेळ देता येईल.

ओरडणाऱ्यांमध्ये पहिली जात व्याकरणाची, म्हणजे सिंटॅक्सची. कंस उघडला आणि बंद केला नाही, ओळीच्या शेवटचा कोलन राहिला, पायथॉन या भाषेत ओळ जेवढी आत सरकवायला हवी तेवढी सरकवली नाही. असा प्रोग्राम सुरूच होत नाही, त्यामुळे त्याच्या हातून कुणाचं नुकसानही होत नाही. एरर ज्या ओळीचा नंबर देतो तिथे काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा. कंस उघडा राहतो वर आणि भाषेला तो गोंधळ कळतो खालच्या ओळीवर पोचल्यावर. पायथॉनच्या ३.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, हे संदेश बरेच सुधारले आहेत आणि कुठला कंस बंद झाला नाही ते सरळ सांगतात. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती असेल तर मात्र वरची ओळ बघायची सवय हवीच. आणखी एक खास आपल्याकडची भानगड म्हणजे वर्डच्या फाइलमध्ये वाटलेल्या नोट्स. वर्ड साधी उभी अवतरणचिन्हं बदलून वाकडी, गोलसर करून टाकतो. कोड तिथून उचलून चिकटवला की आपल्याला सगळं जागच्या जागी दिसतं आणि पायथॉन म्हणतो, हे कुठलं अक्षर आणलंत?

दुसरी जात चालता चालता पडणाऱ्या प्रोग्रामची. व्याकरण बरोबर आहे, प्रोग्राम सुरू झाला, अर्ध्यात गेला आणि कोसळला. बाजार समितीतल्या आवकेवरून दिवसाचा सरासरी भाव काढणारा प्रोग्राम घ्या: एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल. महिनाभर चालेल. सणाला मोंढा बंद असेल त्या दिवशी आवक शून्य, शून्याने भागता येत नाही, प्रोग्राम पडला. लिहिणाऱ्याने बंद बाजाराचा विचारच केला नव्हता.

अशा वेळी जो लांबलचक मजकूर येतो तो पायथॉनमध्ये खालून वर वाचायचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठे बिघडलं ते. जावामध्ये उलटं आहे, तिथे कारण वर असतं. पोरं बहुतेक वेळा पहिली ओळ वाचतात, त्यात स्वतःच्या फाइलचं नाव दिसतं, काही बोध होत नाही आणि वाचणं सोडून देतात. शेवटची एक ओळ शब्दशः वाचली तरी निम्मं काम होतं. इंग्रजी कच्चं आहे ही अडचण खरी आहे, पण या संदेशांमधले शब्द फार नसतात. पंधरा-वीस शब्द ओळखीचे झाले की वर्षभर पुरतात.

संदेश चूक जिथे सापडली ती जागा दाखवतो. चूक जिथे झाली ती जागा वेगळी असू शकते. याचं एक उदाहरण जवळून बघू. शेतकऱ्याने दोन खेपांत सोयाबीन आणलं, पहिल्या खेपेला १२६० किलो, दुसऱ्या खेपेला ३४० किलो. प्रोग्राम दोन्ही वजनं कीबोर्डवरून घेतो, बेरीज करतो आणि क्विंटल काढायला १०० ने भागतो. पायथॉन पडतो भागाकाराच्या ओळीवर. म्हणतो, मजकुराला संख्येने भागता येत नाही. पोरगं भागाकाराच्या ओळीकडे बघत बसतं, तिथे तर सगळं बरोबर आहे. गडबड दोन ओळी वर आहे. कीबोर्डवरून आलेली कुठलीही गोष्ट पायथॉनमध्ये मजकूर म्हणूनच येते. तिची संख्या करून घ्यावी लागते, ते राहून गेलं. मजकुरात बेरजेचं चिन्ह टाकलं की दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात, म्हणून १२६० आणि ३४० यांची बेरीज १६०० न होता १२६०३४० झाली. बेरजेच्या ओळीने हूं की चूं केलं नाही. नशीब की पुढे भागाकार होता. नुसती बेरीज छापायची असती तर पावतीवर बारा लाख साठ हजार तीनशे चाळीस किलो आलं असतं.

जावास्क्रिप्ट तर याहून भिडस्त. ती बेरजेला जोडाजोडी करते आणि भागाकाराला तोच मजकूर गुपचूप संख्या करून घेते, म्हणजे पडत कुठेच नाही. नवशिक्याला ही भाषा प्रेमळ वाटते. मला विचाराल तर शिकताना कडक भाषा बरी.

यादीतली मोजणी एकाने चुकणं हीसुद्धा फार जुनी आणि फार सार्वत्रिक चूक. मराठवाड्याचे जिल्हे आठ. अकारविल्हे यादी केली तर पहिलं छत्रपती संभाजीनगर, मग जालना, धाराशिव, नांदेड, परभणी, बीड, लातूर आणि शेवटी हिंगोली. बहुतेक भाषांमध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे संभाजीनगर शून्य आणि हिंगोली सात. कुणी एक ते आठ असं मोजलं तर संभाजीनगर गळतं आणि आठव्या जागी काहीच नसल्याने प्रोग्राम पडतो. ही ओरडणारी चूक, पाच मिनिटांत सापडते. पण कुणी शून्य ते सहा मोजलं तर प्रोग्राम मजेत चालतो, सात जिल्ह्यांचा अहवाल काढतो आणि हिंगोली कुठे गेली हे हिंगोलीचा माणूस अहवाल बघेपर्यंत कळत नाही. पायथॉनमध्ये हा घोटाळा सहज होतो, कारण तिथे 'शून्य ते सात' अशी रेंज दिली की ती सातच्या आधी थांबते.

मुक्या चुका

आडतीवरच्या हिशोब पट्टीचं बघू. वजन किलोत, भाव क्विंटलला. १२६० किलो सोयाबीन, भाव ४६०० रुपये. १२६० भागिले १०० म्हणजे १२.६ क्विंटल, गुणिले ४६००, पट्टी ५७,९६० रुपये. हमाली-तोलाई तूर्त बाजूला ठेवू.

हाच हिशोब सी किंवा जावामध्ये लिहिला आणि वजन पूर्णांक म्हणून ठेवलं, तर १२६० भागिले १०० याचं उत्तर १२ येतं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की या भाषा अपूर्णांक टाकून देतात. तो त्यांचा ठरलेला नियम आहे, बिघाड नव्हे. १२ गुणिले ४६०० म्हणजे ५५,२००. शेतकऱ्याचे २,७६० रुपये गेले. स्क्रीनवर एकही लाल अक्षर नाही. पट्टी छान छापून आली, खाली सहीची जागासुद्धा आहे. आता शेतकरी मुनीमजींना विचारणार, "पट्टी कमी कामून आली?" आणि मुनीमजी म्हणणार, कॉम्प्युटरचा हिशोब आहे.

लिहिणाऱ्याने प्रोग्राम तपासला नव्हता का? तपासला होता. १२०० किलो टाकून. तिथे उत्तर बरोबरच येतं. मग ५०० टाकून बघितलं, तेही बरोबर. तपासताना माणूस गोल आकडे टाकतो, कारण त्यांचं उत्तर तोंडी येतं. काट्यावर मात्र गोल आकडे पडत नाहीत. म्हणून मी सांगतो, तपासायला १२६० घ्या, १२०७ घ्या, ९९ घ्या, १ घ्या. ९९ किलोला हा प्रोग्राम शून्य रुपये देतो आणि तिथे चूक झाकून राहू शकत नाही. पायथॉनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीतही पूर्णांकांचा भागाकार असाच कापला जायचा. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो बदलला. जुना कोड नव्या आवृत्तीत किंवा नवा कोड जुन्या आवृत्तीत चालवला की तीच ओळ वेगळं उत्तर देते, हे डोक्यात असू द्या.

एककाची गल्लत याच कुळातली. एकाने वजन किलोत दिलं, दुसऱ्याने ते क्विंटल समजून घेतलं. आकड्याला एकक चिकटलेलं नसतं, प्रोग्रामला १२६० म्हणजे नुसते १२६०. नासाचं मंगळाकडे गेलेलं क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी याच कारणाने गेलं. यानाच्या छोट्या इंजिनांचा धक्का एका सॉफ्टवेअरने पाउंडाच्या एककात दिला, घेणाऱ्याने तो न्यूटनच्या एककात धरला, फरक जवळजवळ साडेचार पटींचा. यान ठरलेल्या उंचीच्या खूप खाली वातावरणात शिरलं. उपाय अगदी साधा आहे आणि तरी लोक आळस करतात: कोडमध्ये नुसतं 'वजन' असं नाव ठेवू नका, 'वजन_किलो' ठेवा.

आता पावसाकडे येऊ, कारण आपल्याकडे पैसा पावसाच्या आकड्यावरच ठरतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. वाक्य साधं आहे. प्रोग्राममध्ये ते एका चिन्हाचं काम: पाऊस > ६५. कुणी चुकून >= ६५ लिहिलं तर बरोबर ६५ पडलेलं मंडळही अतिवृष्टीत जाईल. नियमात 'पेक्षा जास्त' आहे की 'किंवा जास्त', हे आदेशाचा कागद वाचूनच कळतं, कोडकडे कितीही बघून कळत नाही.

याच ओळीची आणखी एक गंमत बघा. पर्जन्यमापकाने ६५.४ दाखवले. अहवालात दशांश नको म्हणून कुणीतरी आकडा आधी पूर्णांकात आणला, झाले ६५. मग तुलना केली: ६५ हे ६५ पेक्षा जास्त आहे का? नाही. मंडळ यादीबाहेर. तुलना आधी करून मग छपाईपुरता आकडा गोल केला असता तर मंडळ यादीत असतं. दोन्ही ओळी बरोबर आहेत, त्यांचा क्रम चुकला. म्हणून सीमेवरचे आकडे मुद्दाम टाकून बघायचे असतात: ६४.९, ६५, ६५.१, ६५.४, ६६. वीस आणि शंभर टाकून हा घोटाळा कधीच सापडला नसता.

पावसाच्याच तक्त्यात रिकामा रकाना असतो. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रिकामं म्हणजे नोंदच झाली नाही. चार मंडळांचा पाऊस २२, १८, रिकामं, २० असा असेल तर तीन नोंदींची सरासरी २० येते. रिकाम्या जागी शून्य धरला तर १५. एक्सेलचं सरासरीचं सूत्र रिकामा रकाना सोडून देतं, पण शून्य टाइप केलेला असेल तर मोजतं. म्हणजे तक्ता भरणाऱ्याने "बरं दिसत नाही" म्हणून रिकाम्या जागा शून्याने भरल्या की सरासरी बदलली. प्रोग्रामिंग भाषांमध्ये या 'काहीच नाही'साठी वेगळी खूण असते, कुठे नल म्हणतात, कुठे नन. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये भाषेत ही खूण आणली आणि २००९ मध्ये एका भाषणात तिला स्वतःच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, कारण जिथे वस्तू असायला हवी तिथे नल निघाला की प्रोग्राम पडतो. मला वाटतं, पडतो ते बरं. शून्य समजून पुढे गेला असता तर जास्त वाईट.

मराठी मजकुराचे घोटाळे

इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

'लातूर' हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा. पायथॉनला लांबी विचारली तर पाच सांगतो: ल, काना, त, दीर्घ उकार, र. 'छत्रपती संभाजीनगर' मधली जागा धरून सतरा. डेटाबेसमध्ये जिल्ह्याच्या नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा असेल तर काही ठिकाणी थेट एरर येतो आणि काही ठिकाणी मुकाट्याने कापून 'छत्रपती संभाजीन' एवढंच उरतं. मर्यादा बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या मापात, असेल तर आणखी पंचाईत, कारण अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो आणि हे नाव ४९ बाइटचं होतं.

२०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलल्यावर आणखी एक मुकी चूक आली. जुन्या नोंदीत औरंगाबाद, नव्या नोंदीत छत्रपती संभाजीनगर. जुन्यात उस्मानाबाद, नव्यात धाराशिव. नावावरून गट पाडणारा प्रोग्राम मराठवाड्याचे दहा जिल्हे दाखवतो आणि बेरीज दोन-दोन तुकड्यांत विभागली जाते. नावाऐवजी जिल्ह्याचा कोड ठेवला असता तर नाव कितीदा बदललं तरी फरक पडला नसता.

'शेतकऱ्याचे' या शब्दातला ऱ्य बघा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या वर्णांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र वर्ण म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी जोडी म्हणून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. प्रोग्रामला विचारलं, हे दोन शब्द सारखे आहेत का, तर तो नाही म्हणतो. शोध घेतला की नोंद असून सापडत नाही. यासाठी तुलना करण्याआधी दोन्ही मजकूर एका साच्यात आणावे लागतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि बहुतेक भाषांत त्याची तयार सोय असते.

आणि आकडे. कुणी फॉर्ममध्ये मराठी कीबोर्डवरून १२६० असं देवनागरीत टाइप केलं तर पायथॉन आणि जावा त्याची संख्या बिनतक्रार करून देतात. जावास्क्रिप्ट देत नाही, ती 'ही संख्याच नाही' अशी खूण परत करते आणि पुढचा सगळा हिशोब त्या खुणेने नासतो. लिहिणारा इंग्रजी कीबोर्डवर तपासतो, वापरणारा मराठीवर लिहितो, आणि "माझ्याकडे तर चालतंय" हा वाद सुरू होतो.

आकड्यांची पेटी भरते तेव्हा

कॉम्प्युटरमध्ये पूर्णांकाला ठरावीक जागा असते. बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर. ३२ बिटांच्या जागेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. त्यात एक मिळवला की बऱ्याच ठिकाणी आकडा उलटून उणे २,१४,७४,८३,६४८ होतो. दोनशे चौदा कोटी खूप वाटतात, पण रक्कम पैशांत ठेवली तर मर्यादा जेमतेम सव्वादोन कोटी रुपयांच्या आत येते, आणि मोठ्या मोंढ्यात हंगामातली एका दिवसाची उलाढाल तिथे सहज पोचेल. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. ६४ बिटांतला एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला, तिथे ३२,७६७ च्या वर मावत नाही. तो कोड आधीच्या एरियान ४ वर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, म्हणून आकडा मोठा. कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. भोवतालची परिस्थिती बदलली होती.

अपूर्णांकांचं दुखणं वेगळं. ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत पुरा लिहिताच येत नाही, जसा एक-तृतीयांश दशांशात संपत नाही. म्हणून पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. एका व्यवहारात हे कुणाला दिसत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. ती वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती आणि प्रत्येक मोजणीत केसभर चूक साठत होती. शंभर तासांत ती सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलं आणि २८ सैनिक मेले. पैशाच्या हिशोबात रुपये अपूर्णांकात न ठेवता पैसे पूर्णांकात ठेवा, असं जे सांगतात ते याच कारणाने. फक्त जागा ६४ बिटांची घ्या.

कधी घडते, कधी घडत नाही

सगळ्यात चिवट चुका वेळेच्या. पतसंस्थेत खात्यावर १०,००० रुपये आहेत. एका काउंटरवर ३,००० काढायला माणूस उभा, त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर त्याच खात्यात २,००० भरणा. दोन्ही कॉम्प्युटरनी शिल्लक वाचली १०,०००. पहिल्याने ७,००० लिहिले, दुसऱ्याने त्यावर १२,००० लिहिले. खरी शिल्लक ९,००० हवी. दोन्ही काउंटरचा प्रोग्राम वेगवेगळा तपासला तर अगदी बरोबर निघतो. एकाचं वाचणं-लिहिणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं, म्हणजे लॉक किंवा ट्रान्झॅक्शन, हा त्यावरचा उपाय.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले, त्यातले काही दगावले. टेक्ससमधल्या टायलर इथल्या हॉस्पिटलात स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' एवढंच यायचं. त्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तकात नव्हता. बनवणाऱ्या कंपनीला चूक घडवून आणता येत नव्हती, म्हणून यंत्र चांगलं आहे असं त्यांचं मत. शेवटी हॉस्पिटलातल्याच भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने यंत्रापुढे बसून ती परत परत घडवली. किरणाचा प्रकार चुकीचा टाइप झाला आणि ऑपरेटरने तो साधारण आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर स्क्रीनवर नवा प्रकार दिसायचा आणि आतली जुळणी मात्र जुनीच राहायची. नवखा माणूस हळू टाइप करतो, त्याच्या हातून हे घडत नव्हतं. सरावलेल्या हाताने घडत होतं. आधीच्या मॉडेलमध्येही तसाच दोष होता, पण तिथे यंत्राचा वेगळा अडसर किरण रोखायचा. नव्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून तो अडसर काढून टाकला होता.

शोधायचं कसं

थेरॅकच्या त्या दोघांनी केलं तेच पहिलं काम: चूक हवी तेव्हा घडवून आणता आली पाहिजे. "कधी कधी येतं" यावर काहीही दुरुस्त करू नका. नेमकी कुठली माहिती टाकल्यावर, कुठल्या क्रमाने बटणं दाबल्यावर ती येते ते लिहून काढा. मग माहिती कमी करत जा. तीनशे पट्ट्यांच्या फाइलवर बेरीज चुकते? दीडशे घ्या. अजून चुकते? पंचाहत्तर. शेवटी एक-दोन ओळी उरतात आणि बहुधा त्यांच्याकडे बघताच कळतं. एखाद्या वजनात स्वल्पविराम असतो, एखाद्या रकान्यात जागा सुटलेली असते.

कोडलाही तसंच अर्ध्यात तोडा. विहिरीवरून शेताकडे पाइपलाइन टाकली आहे, मोटर चालू आहे आणि शेवटच्या तोटीला पाणी येत नाही. शहाणा माणूस सगळी लाइन उकरत नाही, मधला व्हॉल्व्ह उघडून बघतो. तिथे पाणी आहे तर फूट पुढे, नाही तर मागे. प्रोग्रामच्या मध्यावर किंमत छापा. तिथपर्यंत बरोबर असेल तर पुढचा अर्धा भाग, नाहीतर मागचा. हजार ओळी असल्या तरी दहा वेळा अर्ध्यात तोडून एका ओळीवर येता. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर त्यात बायसेक्ट नावाची आज्ञा आहे. काल चालत होतं आणि आज नाही, तर मधल्या हजार बदलांतला कुठला बदल नडला ते ती याच पद्धतीने काढून देते. जाता जाता सांगतो, अर्ध्यात तोडून शोधण्याच्या या प्रोग्राममध्येच जावाच्या लायब्ररीत साधारण नऊ वर्षं चूक होती. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागत होते, आणि यादी फारच मोठी असली की ती बेरीज वर सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जात होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ते उघड केलं, आणि तो कोड त्यांनीच लिहिलेला होता.

किंमत छापण्याआधी एक करा: काय येईल ते कागदावर लिहा. १२६० किलोला १२.६ यायला हवं असं लिहिलं आणि १२ आलं, तर चूक हातात सापडली. आधी लिहिलं नाही तर डोळा १२ बघतो आणि "असेल" म्हणून पुढे जातो. डीबगर शिकलात तर उत्तमच, एकेक ओळ थांबवून सगळ्या किमती बघता येतात. वेळेच्या चुकांना मात्र दोन्हींचा भरवसा नाही. मध्ये थांबलं किंवा छापलं की गती बदलते आणि चूक दडी मारते. तिथे नोंदवहीत वेळेसकट लिहून ठेवणारा लॉग कामाला येतो.

एका वेळी एकच बदल करा. पोरं घाईघाईत चार ठिकाणी हात घालतात, चूक जाते, कशाने गेली ते कळत नाही, आणि चारातल्या एका बदलाने दुसरीच चूक येऊन बसते.

हल्ली एआयला कोड चिकटवून "दुरुस्त करून दे" म्हणायची पद्धत आहे. व्याकरणाच्या आणि पडझडीच्या चुकांना ते छान चालतं, एररचा अर्थ मराठीत समजावून घ्यायला तर मी स्वतः सुचवतो. पण ६५.४ चं मंडळ यादीत असायला हवं की नको, हे शासनाच्या नियमात आहे. तो नियम तुम्ही सांगितला नाहीत तर ते यंत्र दिलेला कोड सुबक करून परत देईल, चुकीसकट.

चूक सापडली, दुरुस्त केली की तो आकडा फेकू नका. ९९ किलो, १२६० किलो, ६५.४ मिलिमीटर, रिकामा रकाना, बंद बाजाराचा दिवस, देवनागरी आकडे हे सगळं अपेक्षित उत्तरासह एका फाइलमध्ये ठेवा आणि कोडला हात लावला की पुन्हा चालवा. एकदा दुरुस्त केलेली चूक सहा महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या बदलाने परत येते, तेव्हा हीच फाइल ओरडते.

एवढं करूनही अडलात तर जरूर विचारा. विचारताना काय टाकलं, काय यायला हवं होतं, काय आलं आणि भाषेची आवृत्ती कोणती, एवढं एका दमात लिहा. "१२६० किलो टाकले, १२.६ हवे, १२ आले, जावा १७" या एका ओळीला उत्तर लगेच मिळतं. एररचा मजकूर कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको, त्यात नेमकी शेवटची ओळच कापलेली असते.